फर्मा एक, चेहरे तीन

मोटारींच्या शर्यतीवर लेख, आणि तोही कला शाखेच्या विद्यार्थ्याचा! अनुक्रमणिका पाहूनच काही मित्र हसतील याची मला कल्पना आहे. 'तुझा विषय मराठी, तुला या पत्र्याच्या धंद्याशी काय करायचे?' असे एकाने मला विचारलेही. त्याला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. ते सावकाश द्यावे, म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम माझी ओळख. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आबा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या गावी हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजात डेंटिंगचे काम करतात. एका हातात हातोडी, पत्र्याच्या मागे धरलेली लोखंडी डोली, आणि ठोकून ठोकून चेपलेला पत्रा पूर्वीसारखा उठवायचा. मग त्यावर लांबी भरायची, घासायची, आणि गाडी पेंटरच्या ताब्यात द्यायची. शाळा सुटली की मी तेथेच एका जुन्या टायरवर बसून अभ्यास करीत असे. त्यामुळे धुळाक्षरांच्या बरोबरीनेच बॉनेट, मडगार्ड, डिकी हे शब्द मी शिकलो, असे म्हटले तरी चालेल.

या गॅरेजात एक शेवरले बीट अधूनमधून येते. ही गाडी पुण्याजवळ तळेगावच्या कारखान्यात तयार होत असे. कंपनीने २०१७ साली भारतातील विक्री थांबविली, पण रस्त्यावर ती अजून दिसते. तिच्या नाकावरची सोनेरी, जराशी तिरकी, अधिक चिन्हासारखी खूण माझ्या चांगल्या ओळखीची. एका संध्याकाळी मोबाईलवर अमेरिकेतील एक शर्यत पाहात असता तीच खूण मला एका धावत्या गाडीच्या नाकावर दिसली. मला भलताच आनंद झाला! मी आबांना हाक मारली. आबा हात पुसत आले आणि बराच वेळ काही न बोलता पाहात राहिले. कोण पुढे, कोण मागे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. ते सांधे पाहात होते.

"आरं, ह्या गाडीला दिवं न्हाईत," ते म्हणाले. "दिव्याची चित्रं चिकटावल्यात."

मी निरखून पाहिले. खरेच की!

"आन् दारबी उघडत न्हाई. खिडकीतनं आत शिरतोय गडी. तिन्ही गाड्यांचा सांगाडा तर एकच दिसतोय. मग ही शेवरलेट, ती फोर्ड, असं म्हनायचं तरी कशाला?"

आबा कामाला निघून गेले, पण प्रश्न माझ्याजवळ राहिला. गेले काही महिने मिळेल ते वाचून मी त्याचे उत्तर शोधतो आहे.

साठ्यातील गाडी

या शर्यतींना इंग्रजीत 'स्टॉक कार' शर्यती म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानातील साठा. जी गाडी कुणीही दुकानात जाऊन विकत घेऊ शकतो, तीच शर्यतीत पळवायची, अशी मूळ कल्पना. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स यांनी शर्यतवाल्यांची बैठक बोलाविली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये 'नासकार' ही संस्था उभी राहिली. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील मातीच्या मार्गावर तिने निव्वळ साठ्यातील गाड्यांची पहिली शर्यत भरविली.

त्या पहिल्याच शर्यतीत काय घडले, ते ऐकण्यासारखे आहे. ग्लेन डनावे हा फोर्ड गाडी घेऊन पहिला आला. तपासणीत आढळले की गाडीच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार केलेला आहे. हातभट्टीची दारू वाहून नेणारे लोक गाडीचे बूड खाली बसू नये आणि वळणावर ती डगमगू नये म्हणून अशी करामत करीत, आणि ही गाडी त्याच धंद्यातील होती. डनावे बाद झाला आणि लिंकन गाडीवाला जिम रोपर विजयी ठरला. म्हणजे 'कंपनीने केलेली गाडी कोठवर आणि माणसाने बदललेली कोठून पुढे' हा तंटा या खेळाच्या जन्मापासूनचा आहे.

त्या काळी गाड्यांच्या अंगातील फरक खरोखरीचा होता. हडसन कंपनीच्या हॉर्नेट गाडीचे उदाहरण घ्या. इतर गाड्यांत माणसे सांगाड्याच्या वर बसत. हॉर्नेटची जमीन सांगाड्याच्या आत, खाली बसविलेली होती. उंबरठा ओलांडून खाली पाय टाकावा तसे तिच्यात उतरावे लागे. त्यामुळे गाडीचा तोल जमिनीलगत राही आणि वळणावर ती इतरांपेक्षा घट्ट बसे. इंजिन सहा सिलिंडरांचेच, पण १९५२ च्या मोसमात ३४ पैकी २७ शर्यती हॉर्नेटने मारल्या! जी गाडी जिंकली, तीच दुसऱ्या दिवशी दुकानात मिळत होती. 'रविवारी जिंका, सोमवारी विका' ही म्हण अमेरिकेतील मोटारधंद्यात याच व्यवहारावरून रूढ झाली. मात्र एवढे जिंकूनही हडसन कंपनी स्वतंत्र राहू शकली नाही. १९५४ साली ती नॅश कंपनीत मिसळून गेली. रविवारच्या टाळ्यांनी सोमवारचा गल्ला भरतोच असे नाही!

पंख फुटले

साठोत्तरी काळात वेग वाढला आणि एका नव्या प्रतिस्पर्ध्याची सर्वांना ओळख पटली. तो म्हणजे वारा. गाडी वेगाने धावते तेव्हा समोरची हवा तिला अडविते. वरून व खालून जाणारी हवा तिला उचलते किंवा दाबते. वळणावर तीच हवा तिला बाजूने रेटते. इंजिन सारख्याच ताकदीचे असले तरी ज्याचे नाक चिंचोळे आणि पाठ उतरती, तो पुढे जातो. मग काय, जो तो नाक-पाठ घडविण्याच्या मागे लागला.

१९६६ साली अटलांटाच्या शर्यतीत ज्युनियर जॉन्सन यांनी एक पिवळी फोर्ड आणली. तिचे नाक खाली झुकविलेले, छप्पर उतरविलेले आणि शेपूट वर उचललेली होती. लोकांनी तिला 'पिवळे केळे' असे नाव ठेवले. कंपनीच्या कारखान्यात अशी गाडी कधी निघाली नव्हती. तिला एकवार पळू दिले, पण असे पुन्हा चालणार नाही, हे सर्वांना कळून चुकले. पुढे गाडीच्या अंगावर फर्मे लावून ती कंपनीच्या मूळ आकाराशी जुळते की नाही हे तपासण्याची पद्धत रुळली. पत्र्याचा फर्मा काय असतो हे आबांना सांगावे लागत नाही. वाचकांसाठी सांगतो: शिंप्याचा कागद जसा कापडावर ठेवतात, तसा ठराविक वळणाचा पत्रा गाडीवर ठेवायचा. मध्ये फट दिसली की चोरी पकडली!

आता पत्रा ठोकून चोरी करता येईना, तेव्हा कंपन्यांनी मूळ गाडीच तशी काढली. १९६९ साली फोर्डने लांब नाकाची टोरिनो टॅलाडेगा आणली. डॉजने चार्जर डेटोना आणली, तिला पुढे चोचीसारखे अणकुचीदार नाक आणि मागे जवळजवळ दोन फूट उंचीचा पंख! रिचर्ड पेटी हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला चालक. आपल्या प्लिमथ कंपनीकडे तशी गाडी नाही म्हणून तो १९६९ मध्ये फोर्डकडे निघून गेला. १९७० साली प्लिमथने पंखवाली सुपरबर्ड काढली, तेव्हा तो परत आला. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या मार्गावर बडी बेकर याने चार्जर डेटोना ताशी २०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरच्या पुढे नेली. बंदिस्त मार्गावर हा वेग ओलांडणारा तो पहिला.

नियम असा होता की शर्यतीतील गाडी ठराविक संख्येने लोकांना विकलीच पाहिजे. म्हणून सुपरबर्ड १९०० हून अधिक बनल्या. पण बाजारहाटाला जाणाऱ्या माणसाने डिकीवर दोन फुटांचा पंख घेऊन करायचे काय? कित्येक गाड्या दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहात उभ्या राहिल्या. शेवटी १९७१ साली नासकारने या पंखवाल्या गाड्यांच्या इंजिनाचे आकारमान ३०५ घनइंचांवर आणले आणि त्यांची सद्दी संपली. एवढ्या लहान इंजिनावर पंखाचा भार वाहून जिंकणार कोण?

येथे माझ्या मते पहिला धडा आहे. पूर्वी दुकानातील गाडी शर्यतीत येत होती. आता शर्यतीची गाडी नाइलाजाने दुकानात जाऊ लागली. 'साठ्यातील गाडी' हा शब्द तेव्हाच आतून पोकळ झाला. आज चिकटविलेले दिवे पाहून आपण हळहळतो, पण खोटेपणाची सुरुवात त्या चित्रांपासून झालेली नाही.

बरोबरी आली, चेहरे गेले

१९८७ साली टॅलाडेगाच्या निवड-फेरीत बिल एलियट याने फोर्ड थंडरबर्ड ताशी २१२.८०९ मैल वेगाने, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटरने पळविली. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसन याच्या गाडीचा टायर फुटला, गाडी उलटी फिरून हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरील तारेच्या कुंपणावर जाऊन आदळली. काही प्रेक्षक जखमी झाले. कुंपण तुटून गाडी आत गेली असती तर? १९८८ पासून अशा महावेगवान मार्गांवर इंजिनाला जाणारी हवा कमी करणारी भोकाची पट्टी सक्तीची झाली. गाड्यांच्या अंगात वाटेल तो फरक करू द्यावा असे म्हणणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे कुरकुरीची गेली. एका कंपनीची गाडी जिंकू लागली की दुसरी तक्रार करी. मग मागची पट्टी कुणाची पाव इंच वाढवा, कुणाची पाव इंच कापा! नावांचा तर आनंदच होता. १९९८ साली फोर्डने टॉरस उतरविली. दुकानातील टॉरस चार दारांची आणि पुढच्या चाकांना ओढ देणारी. शर्यतीतील टॉरस एकाही उघडत्या दाराची नव्हे, आणि ओढ मागच्या चाकांना. शिवाय संघांचे कारागीर पत्रा ठोकून गाडीचे अंग वाकडे करीत. अंडाकृती मार्गावर सतत डावीकडेच वळायचे असल्याने शेपूट उजवीकडे सरकविली की वारा गाडीला बाजूने आधार देई. वरून पाहिले तर गाडी चक्क तिरपी दिसे.

म्हणून २००३ साली बहुतेक फर्मे सर्व कंपन्यांना समान केले गेले. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर सुरक्षेचा विचार नव्याने सुरू झाला आणि २००७ मध्ये 'उद्याची गाडी' या नावाने नवी गाडी आली. छप्पर उंच, चालकाची बैठक मध्याकडे सरकविलेली, आणि अंग सर्वांचे जवळजवळ एकच. नाकावरची चित्रे सोडली तर शेवरले कोणती, फोर्ड कोणती, डॉज कोणती आणि त्याच वर्षी आलेली टोयोटा कोणती, हे ओळखणे कठीण! ब्रिस्टलची पहिली शर्यत काइल बुश याने याच गाडीत जिंकली आणि जिंकल्यानंतर लगेचच ती आपल्याला मुळीच आवडली नाही असे सांगून टाकले. मात्र चालक तिच्यात अधिक सुरक्षित होता, हेही खरे. बरोबरी आली, सुरक्षा आली, पण चेहरे गेले. आणि प्रेक्षकांना ते रुचले नाही. ज्याच्या आजोबांपासून घरात फोर्ड आहे, त्याला फोर्ड दिसावयास हवी होती.

आजचा फरक कोठे आहे?

२०१३ साली चेहरे परत आले. छप्पर आणि डिकीचे झाकण समान ठेवून नाक, बाजू वगैरे भाग कंपन्यांना आपल्या गाडीसारखे घडविण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतर २०२२ मध्ये आणखी नवी गाडी आली. तिचा सांगाडा, गिअरपेटी, चाके, खालचा सपाट तळ, हे सर्व ठराविक पुरवठादारांकडूनच घ्यावयाचे. अंग पत्र्याचे नाही. धाग्यांच्या मिश्र प्लास्टिकचे तुकडे, तेही तिन्ही कंपन्यांसाठी एकाच पुरवठादाराकडचे. डावी बाजू आणि उजवी बाजू अगदी सारखी, तिरपेपणा बंद!

मग वेगळे काय? नाक, बॉनेट, बाजू आणि शेपूट. मस्टँगच्या मागील दिव्यांत तीन उभ्या पट्ट्या, त्या शर्यतीच्या गाडीवरही चितारलेल्या. कॅमारोचे डोळे बारीक आणि तोंड रुंद. २०२४ पासूनच्या कॅमरीच्या नाकावर इंग्रजी 'सी' अक्षरासारखा दिव्यांचा वळसा. आणि न दिसणारा फरक इंजिनाचा. आकारमानाची मर्यादा ३५८ घनइंचांची, पण घडण ज्याची त्याची.

या वेगळ्या चेहऱ्यांमुळे अन्याय होऊ नये म्हणून जी युक्ती काढली, ती मला सर्वांत आवडली. कंपनीने नवा चेहरा आणला की गाडी वाऱ्याच्या बोगद्यात उभी करतात. उत्तर कॅरोलायनात कॉनकर्ड येथे असा एक मोठा बोगदा आहे. तेथे गाडीखाली पट्टा फिरतो, त्यावर चाके फिरतात आणि समोरून सोसाट्याचा वारा सोडतात. वारा गाडीला किती अडवितो, किती दाबतो, बाजूने किती रेटतो, हे मोजले जाते. आकडे ठरलेल्या मर्यादेत बसले की चेहरा मंजूर. एकदा मंजूर झाला की त्यात केसाइतकाही बदल नाही. २०१८ पासून फर्म्याऐवजी कॅमेरे आणि प्रकाशझोत यांनी गाडीचे सर्वांग मोजले जाते, आणि प्रत्येक गाडी तिच्या स्वतःच्या कंपनीच्या मंजूर आकाराशी ताडून पाहतात.

नियम किती कडक असावा? २४ जुलै २०२२ रोजी पोकोनो येथे डेनी हॅमलिन पहिला आणि काइल बुश दुसरा आला. दोघेही टोयोटावाले. तपासणीत दोन्ही गाड्यांच्या नाकावर, रंगीत आवरणाखाली, चिकटपट्टीचा एक जादा तुकडा सापडला. दोघेही बाद झाले आणि तिसरा आलेला शेवरलेवाला चेस एलियट विजयी ठरला. पहिला आलेला बाद होण्याची अशी वेळ १९६० नंतर प्रथमच आली होती. १९४९ साली स्प्रिंग, २०२२ साली चिकटपट्टी. माणूस तोच!

माझे मत

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. तिन्ही गाड्यांचा सांगाडा एकच, तर नावे वेगळी कशाला?

माझे उत्तर असे की, सांगाडा एक असणे हा खोटेपणा नव्हे. सांगाडा माणसाचा जीव वाचविण्यासाठी आहे, आणि जीव वाचविण्याच्या बाबतीत फोर्ड आणि टोयोटा असा भेद असू नये. वाऱ्याचे आकडे सारखे असणे हाही खोटेपणा नव्हे. नाहीतर ज्या कंपनीची तिजोरी मोठी तिचाच पंख उंच, हे १९७० साली दिसलेच आहे. पण या दोन गोष्टी साधल्यावर चेहराही एकच असावा, असा हट्ट धरण्याचे काही कारण नाही. २००७ साली चूक झाली ती येथेच. त्यांनी आकारच समान केला. पुढे त्यांच्या लक्षात आले की आकार समान नसला तरी चालतो, परिणाम समान असला म्हणजे झाले. तीन नाके तीन तऱ्हांची असू द्या. वाऱ्याने तिघांनाही सारखेच अडविले, की न्याय झाला.

दिव्यांच्या चित्राबद्दलही मला आता राग राहिलेला नाही. सुरुवातीच्या काळात काच फुटून मार्गावर पसरू नये म्हणून खऱ्या दिव्यांवर चिकटपट्ट्या लावीत. पुढे दिवाच गेला आणि त्याचे चित्र राहिले. ते चित्र कुणाला फसविण्यासाठी नसून, ही गाडी कोणत्या घरची, हे सांगण्यासाठी आहे. कपाळावरच्या कुंकवाने उजेड पडत नाही, म्हणून कुणी ते खोटे म्हणत नाही.

परंतु एक गोष्ट मला खटकते, आणि ती सांगितली पाहिजे. 'स्टॉक' हा शब्द आता सोडून द्यावा. कॅमारोचे उत्पादन कंपनीने २०२४ च्या मॉडेलनंतर थांबविले, तरी २०२५ च्या मोसमात शर्यतीत तिचाच चेहरा धावत होता. ज्या गाडीचा साठाच नाही, ती साठ्यातील गाडी कशी? आणि आपल्या देशातही विकली जाणारी कॅमरी चार दारांची, चार सिलिंडरांची, निम्मी विजेवर चालणारी. शर्यतीतील कॅमरीला आठ सिलिंडर. चेहरा हा चेहरा म्हणून दाखवावा. त्याला अंग म्हणू नये. एवढा प्रामाणिकपणा अशक्य नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला काय करायचे?

आता मित्राचे उत्तर. कॉलेजातील माझ्या पहिल्या आठवड्यात एका तासाला मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, मला ह्ये कळलं न्हाई." वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण वर्ग हसला. त्या दिवसापासून जवळजवळ सहा महिने मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. शंका होत्या, पण त्या विचारण्यासाठी लागणारा चेहरा माझ्याजवळ नव्हता.

प्रमाणभाषेवर माझा राग नाही. हा लेखही मी तिच्यातच लिहीत आहे, आणि ती नीट यावी म्हणून शुद्धलेखनाच्या वह्या भरल्या आहेत. विद्यापीठाच्या हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या तर फर्मा एक हवाच. माझ्या उत्तराला दुसऱ्याइतकेच गुण मिळावेत यासाठीही तो हवा. पण फर्मा उत्तरपत्रिकेसाठी आहे, तोंडासाठी नाही. वर्गात प्रश्न विचारताना, चर्चेत बोलताना, कट्ट्यावर वाद घालताना मोजायचे ते काय कळले आणि काय नाही हे. 'न्हाई' म्हटल्याने शंका लहान होत नाही.

आणखी एक. २०२२ ची गाडी ठरविताना नासकारने कंपन्यांना बरोबर बसविले होते. ज्यांना फर्म्यात बसायचे, ते फर्मा कापताना हजर होते. आपल्याकडे, माझ्यासारख्या घरातून प्रथमच येणाऱ्या मुलामुलींना हे कुणी विचारले आहे का? म्हणून या वार्षिकाच्या संपादक मंडळाला माझी विनंती आहे की पुढील वर्षापासून अंकात काही पाने आपापल्या बोलीतील लेखनासाठी राखावीत. त्यावर शुद्धलेखनाचा फर्मा ठेवू नये. लेखनात दम आहे की नाही, एवढेच पाहावे. दम नसेल तर खुशाल परत करावे. वाऱ्याचा बोगदा सर्वांना सारखाच!

शेवटी आबांविषयी. २०२२ पासून त्या अमेरिकन संघांत पत्रा ठोकून अंग घडविण्याचे काम संपले. तुकडा मोडला की नवा बसवायचा. आमच्या गॅरेजातही प्लास्टिकचे बंपर आल्यापासून तसेच होत चालले आहे. फुटलेला बंपर डोलीवर उठत नाही. हे मी आबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "जीव वाचत आसंल तर पत्रा गेला तरी चालंल. पन दिवं काढलं तर काढलं म्हनावं, चित्रं कशाला?" कुंकवाचे माझे उत्तर मी त्यांना ऐकविले. ते त्यांना पटलेले नाही. हा अंक हाती आला की सगळा लेख त्यांना वाचून दाखविणार आहे. बहुधा वाद पुन्हा तेथूनच सुरू होईल.

— द्वितीय वर्ष, कला